पाचवा ‘का’

ऑडिटच्या महिन्यात रजा मागायची नसते, हे चाकणच्या पट्ट्यात शेंबडं पोरही सांगेल. करिष्माने मागितली, आणि तीही रविवारची. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष वाटणार? पण इथे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रविवार म्हणजे भर कामाचा दिवस.

हजेरीच्या अ‍ॅपमध्ये कारणाचे चार पर्याय होते: आजारपण, लग्नकार्य, घरगुती अडचण, ट्रेनिंग. आजारपण म्हटलं की डॉक्टरचा कागद आणा, लग्नकार्य म्हटलं की पत्रिका दाखवा. घरगुती अडचण म्हटलं असतं तर कुणी काही मागितलं नसतं, पण सुपरवायझर नवनाथ पुन्हा तोंड पाडून जवळ आला असता आणि “वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा” म्हणाला असता. ते तिला नको होतं. तिने ट्रेनिंगवर बोट ठेवलं. अगदीच थाप होती असंही नाही. चिंचवडच्या एका हॉलमध्ये प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं एक दिवसाचं संमेलन होतं, आणि निमंत्रणात ‘प्रशिक्षण’ हा शब्द तीनदा आला होता.

आता ब्रेकच्या नळ्या तपासणारी बाई प्रेमकथांच्या संमेलनाला कशाला जाईल, हे सांगायलाच हवं. करिष्मा छत्तिशीतली. भूम तालुक्यातून लग्न करून चाकणला आली आणि अकरा वर्षं एकाच कंपनीत नळ्या तपासत होती. नळी हातात घ्यायची, उजेडात फिरवायची, चांगली असली तर निळ्या पेटीत, खोट निघाली तर लाल पेटीत. डोळे नळीवर, हात आपोआप चालू आणि डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात ती गोष्टी रचायची. घरी आल्यावर मोबाइलवर लिहायची आणि गोष्टी वाचायच्या एका अ‍ॅपवर टाकायची. ‘शिफ्ट सुटल्यावर’ ही तिची मालिका एकसष्ट भाग चालली होती. टोपणनाव ‘सांजवेल’. वाचक किती? मोजले तर सहा हजारांच्या वर. कंपनीत मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता.

गोष्टीचा नायक राजवीर. अ‍ॅपवरचे सगळेच नायक राजवीर नाहीतर रणवीर असतात; करोडपती, रागीट, छाती ही एवढी. करिष्माचा राजवीरही करोडपतीच होता, पण तोंड उघडलं की भूमच्या माणसासारखा बोलायचा. त्याचं कारण सरळ होतं. नायकाचं बोलणं ती रचतच नव्हती. तिचा नवरा ज्योतीराम बोलायचा, ती उतरवून घ्यायची. ज्योतीराम दुसऱ्या एका कंपनीत प्रेसवर होता. दिसायला चारचौघांसारखा, उंचीने तर चौघांत शेवटचा. पण त्याची जीभ म्हणजे काय सांगावं! भांडण झालं की तो म्हणायचा, “तू बस, चहा मी टाकतो. पण गोड कमी झाला तर बोलायचं न्हाई.” हे वाक्य राजवीरने सत्ताविसाव्या भागात आपल्या महालासारख्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं आणि बायका वेड्या झाल्या. मूलबाळ झालं नव्हतं, त्याचं वाईट वाटून घेणं दोघांनी केव्हाच उरकून टाकलं होतं. रोज संध्याकाळी नवा भाग आधी ज्योतीराम वाचायचा आणि म्हणायचा, “ह्या राजवीरला पगार किती गं? मला त्यातला अर्धा दे, बोलतो तर मीच.”

आठ महिन्यांपूर्वी सकाळच्या शिफ्टला जाताना त्याच्या गाडीला कंटेनरचा धक्का बसला. दवाखान्यात नेलं, पण त्याआधीच सगळं संपलं होतं.

तेव्हापासून करिष्माचं सगळं व्यवस्थित चाललं होतं, हीच तर पंचाईत होती. ती वेळेवर उठे, डबा करी, बसला उभी राही, नळ्या तपासी. दहाव्याला रडली नाही, तेराव्यालाही नाही. शेजारच्या बायकांनी गळ्यात पडून पाहिलं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू माणूस त्यांचंच गेलं होतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मेल्यासारखा होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं तिचं झालं होतं. सासूबाई, सावित्रीबाई, एका डोळ्याने लेकासाठी रडायच्या आणि दुसऱ्याने सुनेकडे बघायच्या. “रड गं माय, मोकळी हो. तुजा काय दोष त्याच्यात?” त्या म्हणायच्या. करिष्मा म्हणायची, “हो आई,” आणि कुकर लावायची.

बासष्टावा भाग मात्र होईना. तो शेवटचा भाग होता. राजवीरने साठाव्या भागात बापाची कंपनी सोडून दुसरीकडे साधी नोकरी धरली होती, घर दोन खोल्यांचं केलं होतं. आता फक्त सुखाचा शेवट तेवढा करायचा राहिला होता. वाचक रोज विचारत: ताई, पुढचा भाग कधी? ताई, बऱ्या आहात ना? ताई, आम्हाला असं अधांतरी लटकवू नका. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, पण हे अर्धवट राहिलेलं तेवढं खुपत होतं. एवढा एक भाग झाला असता तर संपलं असतं. बाकीच्या लिहिणाऱ्या बायका शेवट कसा करतात, कुणी सांगितलं तर बघावं, म्हणून ती रविवारी चिंचवडला गेली. सासूबाईंना सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे.

हॉलच्या दारात फुगे होते. दोघांच्या सावल्या आणि मध्ये बदाम असा मोठा फलक होता, खाली पोह्यांच्या बशा. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. त्यावर टोपणनाव लिहायचं. आजूबाजूला मोहिनी, निशिगंधा, चंद्रकळा अशा सव्वाशे बायका आणि दहाबारा पुरुष. एकीला प्रकाशक भेटला तर ती आनंदाने खुर्चीवरून पडायचीच राहिली. दुसरी सांगत होती की घरी प्रेमकथा लिहिते म्हटलं की दीर हसतो, इथे कुणी हसत नाही, एवढ्यासाठी बार्शीहून आले. खरंच होतं ते. आपण एकट्याच वेड्या नाही हे कळणं हा काही लहान फायदा नव्हे. करिष्माला ते कळलं, पण लागलं नाही. तिने पोहे संपवले आणि कागदी बशी नीट कचऱ्याच्या पेटीत टाकली.

मार्गदर्शन करायला सांगवीच्या देशमाने बाई होत्या. तीन डझन प्रेमकथा लिहिलेल्या, आवाज खणखणीत. पहिला तासभर त्यांनी नायकाची उंची, पहिली भेट, गैरसमज कोणत्या भागात घालावा, पाऊस किती पाडावा असलं सांगितलं. वह्या भराभर भरत होत्या. करिष्मानेही लिहून घेतलं: नायक सहा फूट. ज्योतीराम साडेपाचही नव्हता, हे मनात आलं आणि गेलं.

जेवणाच्या सुट्टीत एक साठीची बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात बूट, हातात पुरीचं ताट. तिने करिष्माच्या गळ्यातलं कार्ड हातात धरून डोळ्याजवळ नेलं.

“सांजवेल? आगं बया! राजवीरवाली तूच व्हय?”

ती होती राजगुरुनगरची भागूबाई. लिहीत-बिहीत काही नव्हती; सातवीपर्यंत शिकलेली, मोबाइलवर अक्षर मोठं करून गोष्टी वाचायची. सुनेने हौसेने संमेलनात नाव घालून दिलं होतं. ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि थांबायचं नाव घेईना.

“आमचं म्हातारं, तात्याबा, त्याला मी वाचून दावते. न्हाई न्हाई म्हनतं आन् कान हिकडंच. तुजा त्यो चहाचा भाग वाचला ना, त्याच्या दुसऱ्या दिशी आमचं कडाक्याचं भांडान झालं. तर ह्यो मानूस उठला आन् म्हनतो कसा, तू बस, चहा मी टाकतो. चाळीस वर्सं संसार झाला, गॅस कुठनं पेटतो ठावं नव्हतं त्याला! आता रोजचंच झालंय. गोड कमी आसतंय, पर मी बोलत न्हाई.”

ज्योतीरामचं वाक्य राजगुरुनगरच्या एका स्वयंपाकघरात रोज म्हटलं जात होतं. दुसरी कुणी असती तर तिथेच हंबरडा फुटला असता. करिष्मा म्हणाली, “हं, छान.”

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि तिच्या हातातली पुरी तशीच राहिली. भागूबाईने विचारलं, “काय गं, ठसका लागला?” करिष्माने मान हलवली. भागूबाईने पाणी आणून दिलं, तिचा मोबाइल नंबर मागून घेतला आणि बजावलं, “शेवट कर बरं का लवकर. म्हातारं रोज इचारतंय.”

दुपारी देशमाने बाई म्हणाल्या, “आता खरं सांगते, ते उंचीबिंचीचं विसरा. तुमच्या नायिका फार गुणी आहेत गं! देवघरात ठेवायच्या लायकीच्या. तिनं काहीतरी केलेलं असू द्या, कुणाला न सांगितलेलं. आता कागद घ्या आणि तुमची गोष्ट कुठं अडली ते लिहा. मी बघणार नाही.”

करिष्माने कागद घेतला आणि सवयीने त्यावर उभ्या रेघा मारल्या. कंपनीत नळीत खोट निघाली की असाच कागद भरायचा असतो. व्हाय-व्हाय म्हणतात त्याला. वर अडचण लिहायची आणि मग पाच वेळा विचारायचं: का? पहिल्या दोन उत्तरांत माणूस थापा मारतो, पाचव्यात खरं बाहेर येतं, असं नवनाथ नेहमी सांगायचा. शेजारची निशिगंधा गुलाबी पेनने कविता लिहीत होती. करिष्माने लिहिलं:

अडचण: शेवटचा भाग होत नाही.

का? राजवीरला बोलायला शब्द नाहीत.

का? त्याचे शब्द ज्योतीरामचे. तो गेला.

का? जुने शब्द आठवायला गेलं की एकच वाक्य आठवतं आणि पुढे सरकत नाही.

का? त्या वाक्याच्या आधी त्याने काही विचारलं होतं. मी धड उत्तर दिलं नाही.

का? मी मान वर केली नाही.

झालं होतं ते इतकंच. ज्योतीराम नऊ वर्षं कंत्राटी होता. कंत्राटी कामगारांचा शर्ट राखाडी, कायम झालेल्यांचा निळा. नऊ वर्षं तो निळे शर्ट बघत आला होता. गावाला जाताना एसटीत कुणाचा निळा शर्ट दिसला तरी नजर काढायचा नाही. आणि अपघात झाला त्या दिवशी त्याची कायम झाल्यानंतरची पहिली शिफ्ट होती. पावणेसहाला तो नवा कोरा निळा शर्ट घालून दारात उभा राहिला. करिष्मा पलंगावर बसून एकसष्टावा भाग अ‍ॅपवर चढवत होती. सहाला भाग टाकायचा, म्हणजे बसमध्ये बसलेले लोक वाचतात.

“बघ की गं, कसा दिसतोय?”

“हं, छान.”

तो जागचा हलला नाही. “बघितलंच न्हाईस तू,” तो म्हणाला, हसतच.

“अहो, दोन मिनिटं. भाग चढतोय.”

चप्पल-बुटांच्या खोक्यापाशी तो आणखी जरासा थांबला असेल. मग म्हणाला, “बरं. संध्याकाळी बघ.” दार ओढल्याचा आवाज झाला आणि भाग चढला.

तो शर्ट तिने अंगावर पाहिलाच नाही. दवाखान्याने पिशवीत घालून दिला तेव्हा तो कात्रीने उभा कापलेला होता. हे तिने सासूबाईंना सांगितलं नाही, शेजारणींना नाही, कुणालाच नाही. सहा हजार लोकांसाठी एका खोट्या माणसाकडे बघत बसले आणि खरा दारात उभा राहून गेला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लोक तर घरात शिरल्या-शिरल्या म्हणत होते, तुझा काय दोष.

तिने कागदाची घडी घातली, बाकीच्या कागदांत ठेवली, प्रमाणपत्र घेतलं, सगळ्यांबरोबर फोटो काढला आणि बसने घरी आली. सासूबाईंनी विचारलं, काय शिकविलं गं? ती म्हणाली, “नेहमीचंच.”

सोमवारी सकाळी तिची खरी अडचण झाली. ट्रेनिंगहून आलेल्या माणसाने सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे तीन फायदे सांगायचे, हा कंपनीचा नियम. शिवाय फॉर्म भरायचा आणि त्याला प्रमाणपत्र आणि तिथे लिहिलेले कागद जोडायचे. करिष्माने बसमध्येच सगळं एकत्र करून स्टेपल मारला. त्यात ती घडीही गेली. व्हाय-व्हायचा कागद फायलीला लावायचा असतो, घरी न्यायचा नसतो. अकरा वर्षांची सवय. दुसऱ्या कुठल्याही बाईने तो कागद पर्समध्ये लपवला असता. हिने सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि हे आपण काय केलं याचा तिला पत्ताही नव्हता.

मीटिंगला तीस जण अर्धगोलात उभे. नवनाथ म्हणाला, “वहिनींनी स्वतःहून ट्रेनिंग केलंय. ऐका जरा.”

“एक, वेळेचं नियोजन,” करिष्मा म्हणाली. “दोन, टीमवर्क.” आणि पुढे काही सुचेना. तिसरा फायदा तिला माहीत होता की नव्हता, कोण जाणे. तीस तोंडं तिच्याकडे बघत होती. मागून, शेजारच्या टेबलावर नळ्या तपासणारी तनुजा हळूच म्हणाली, “कम्युनिकेशन, ताई.” “हो, कम्युनिकेशन,” करिष्मा म्हणाली. मग कंपनीच्या पद्धतीने सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवल्या आणि मशिनं सुरू झाली.

दहाच्या चहाला नवनाथने तिला टेबलापाशी बोलावलं. तो ज्योतीरामच्या ओळखीचा, आळंदी फाट्यावर दोघं कधीमधी एकत्र चहा प्यायचे. फॉर्म त्याच्या हातात होता आणि घडी उलगडलेली होती. करिष्माने ती पाहिली. आता काहीतरी होईल, लाज वाटेल, असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. कप हातात होता तसाच राहिला.

“वहिनी, हे चुकून आलंय बहुतेक,” नवनाथ म्हणाला. “माफ करा, वाचलं मी. फॉर्म वाचावाच लागतो.”

“असू द्या.”

नवनाथ बिचारा चांगला माणूस. पण चांगल्या माणसाजवळही बोलायला जे असतं तेच तो बोलणार. त्याने खिशातून पेन काढलं, पाचव्या ‘का’वर टेकवलं. “आपल्यात नियम आहे ना वहिनी, ऑपरेटरचं दुर्लक्ष हे मूळ कारण धरायचं नाही. माणसावर येऊन थांबायचं नाही, पुढं विचारायचं. तुमची काही चूक नाही यात.”

“मग कुणाची?”

“कुणाचीच नाही.”

“पण मी बघितलं नाही, नवनाथभाऊ. तो म्हणत होता बघ, आणि मी बघितलं नाही.”

नवनाथने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “हे तर काय... कुणाकडनंही होतं. माझ्याकडनं रोज होतं,” तो म्हणाला. मग कागद तिच्याकडे वळवून म्हणाला, “उपायाचा रकाना रिकामा आहे. तो भरल्याशिवाय कागद बंद होत नाही. पण राहू द्या. घेऊन जा तुम्ही हा. प्रमाणपत्र कसलं ते मी विचारत नाही, फॉर्म असाच लावतो.”

करिष्मा जागेवर आली. कुणाचीच चूक नाही! आठ महिने हेच चाललं होतं. सासूबाई तेच, शेजारणी तेच, आता कंपनीचा नियमसुद्धा तेच म्हणत होता. सगळ्यांनी मिळून चांगली म्हटली म्हणून गळकी नळी गळायची थांबते का? अकरा वर्षांत तिने खोट असलेली एकही नळी कुणाच्या भिडेपोटी निळ्या पेटीत टाकली नव्हती. तिला राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी आलं होतं, म्हणून ते ओळखायलाही तिला जरा वेळ लागला. दुपारपर्यंत ते पुन्हा गेलं.

गुरुवारी सुट्टी होती. सासूबाई पारायणाला गेल्या. करिष्माने कपडे वाळत घातले, पलंगावर बसली आणि बासष्टावा भाग लिहायला घेतला. सगळ्यांना काय हवं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. राजवीर नवा शर्ट घालून दारात उभा राहणार, नायिका मान वर करून त्याच्याकडे बघणार, त्याची कॉलर नीट करणार, आणि समाप्त. दोन मिनिटांचं काम. तिने नायिकेला मान वर करायला लावली. वाक्य वाचलं. खोडलं. मग जे झालं तेच लिहिलं. एकही उपमा घातली नाही, पाऊस पाडला नाही. राजवीर म्हणाला, बघ की गं. ती म्हणाली, हं, छान. तो म्हणाला, संध्याकाळी बघ. संध्याकाळी तो आला नाही. शर्टाचं काय झालं, तेही लिहिलं. खाली ‘समाप्त’ घातलं आणि दुपारी दोनला भाग चढवून टाकला.

ती भांडी घासत होती तेव्हा मोबाइल वाजायला लागला तो थांबेचना. वाचकांचा धीर किती असतो! आठ महिने ताई-ताई करणाऱ्या बायका अशा काही तुटून पडल्या की विचारू नका. ‘हा काय शेवट झाला? निषेध!’ ‘राजवीरला परत आणा, नाहीतर आम्ही वाचणार नाही.’ ‘एकदा वर बघायला काय झालं होतं त्या बयेला?’ ‘एवढा कसला मोबाइल? आग लागो त्याला.’ ‘असली बायको वैऱ्याच्याही पदरी नको.’ ‘तो बिचारा एवढ्या हौसेने उभा आणि हिला दोन मिनिटं नाहीत?’ एका दीड हात लांब प्रतिक्रियेत तर नायिकेच्या आईबापाचाही उद्धार होता. करिष्मा ओल्या हाताने उभ्या-उभ्या वाचत होती. एकही ओळ तिने सोडली नाही. कितीतरी वेळाने तिच्या ध्यानात आलं की नळ चालूच राहिला आहे.

दिवेलागणीला भागूबाईचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“काय गं सांजवेल, ही काय तऱ्हा झाली? म्हातारं जेवायचं थांबलंय! आगं, त्यो एवढा नवा सदरा घालून पुढ्यात हुबा, आन् तिला मान वर कराया जड झालं? मानूस म्हनावं का काय तिला?”

“मावशी,” करिष्मा म्हणाली, “ती मीच आहे.”

“आं?”

“ती मीच. नवरा होता माझा. त्याचंच बोलणं होतं सगळं, चहाचं पण. आठ महिने झाले. मी नाही बघितलं त्याच्याकडे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आता भागूबाई म्हणणार, तुझा काय दोष बाई. करिष्माने फोन कानापासून थोडा दूर धरला, कारण तेवढं पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

“मंग चुकलंच तुजं,” भागूबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उतरलेलाही नव्हता. “बघाया पायजे हुतं, बाई. लई चुकलं.”

करिष्मा ओट्याला धरून खाली बसली. आधी नुसताच घशातून आवाज आला, कसला ते तिलाही कळेना. मग आठ महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. ती फरशीवर बसून ओरडून रडली, नाव घेऊन रडली, “दिसत होता हो छान, दिसतच असणार,” असं काहीबाही म्हणत रडली. पारायणाहून आलेल्या सावित्रीबाई दारातच थबकल्या आणि मग पिशवी टाकून तिच्यापाशी येऊन बसल्या. फोन फरशीवर चालूच होता. भागूबाई मधूनच म्हाताऱ्याला गॅस बारीक करायला सांगत होती, पण तिने फोन ठेवला नाही.